रजा माझी, काम कुणाचं?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी रजा घेतली होती. परत कामावर रुजू झाले त्या दिवशी डबा खाताना सगळ्याजणी विचारायला लागल्या, "कुठे जाऊन आलात? कोकणात का?" मी म्हटलं, "कुठे नाही, घरीच होते." पलीकडच्या टेबलावरची मैत्रीण चटकन म्हणाली, "अगंबाई! मग रजा फुकट घालवलीत की!"

हसून वेळ मारून नेली, पण ते "फुकट" काही डोक्यातून जाईना. म्हणून आज लोणच्या-मसाल्यांचं राहू दे. घरी राहून आठ दिवस विश्रांती घ्यायची म्हणजे काय करायचं, ते सांगते. वाटतं तितकं सोपं नाही ते!

मी साताऱ्यात एका सरकारी कचेरीत आहे. आम्हाला वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते. पंधरा जानेवारीत जमा होते, पंधरा जुलैत. अशी साठत साठत ती तीनशे दिवसांपर्यंत जाते आणि मग थांबते. माझी केव्हाच तीनशेला टेकलेली. पुरुषांची रजा गावच्या जत्रेला, शेतीला, मित्रांबरोबरच्या सहलीला संपते. आपण बायका मात्र ती तुपाच्या बरणीसारखी जपून ठेवतो. मुलांच्या परीक्षेला लागेल, कुणाचं आजारपण निघेल, लेकीचं बाळंतपण येईल! ते काही आलं नाही तर निवृत्तीच्या वेळी तेवढेच पैसे हातात येतील. तेव्हा हौसेनं रजा टाकायची म्हणजे साठवणीचं तूप उगाच सांडल्यासारखं वाटतं.

मलाही वाटलंच असतं. पण जानेवारीत डोकं दुखायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर प्रेशर निघालं दीडशेवर शहाण्णव. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं आणि विचारलं, "झोप किती होते?" मी मनात हिशेब केला. रात्री साडेअकरा ते पहाटे पाच. ते म्हणाले, "आधी आठ दिवस घरी बसा. मग गोळ्यांचं बघू."

तर पाच दिवसांची रजा टाकली. मागचे-पुढचे शनिवार-रविवार धरून चांगले नऊ दिवस हाताशी आले. थोरली पुण्याला शिकते, धाकटा अकरावीत, ह्यांना कारखान्यातून सुट्टी नाही. मग जायचं कुठे? म्हटलं, घरीच लोळेन.

लोळते कसली! शनिवारी सकाळी वही घेऊन बसले आणि कामांची यादी केली. माळा उपसायचा, पडदे धुवायचे, गाद्यांना ऊन दाखवायचं, डाळींचे डबे घासायचे, बँकेत कागद द्यायचे, ह्यांच्या शर्टांची बटणं. चौदा कामं झाली. त्यात घरच्यांनी भर घातली. हे म्हणाले, "तू घरी आहेसच, तर प्लंबरला बोलावून घे." मुलगा म्हणाला, "आई, तू घरी आहेसच, तर क्लासहून आल्यावर मला गरम काहीतरी कर ना." नणंदेचा फोन आला, "वहिनी, तू घरी आहेसच, तर दोन दिवस येऊन जाते." मैत्रिणींनो, हे "घरी आहेसच" फार वाईट! नोकरीवर असते तेव्हा निदान सहा वाजेपर्यंत मला कुणी हात लावत नाही. घरी असले की मी सार्वजनिक नळ!

सोमवारी रात्री पाठ टेकली तेव्हा कचेरीत मार्चअखेरीला होत नाही एवढी दमले होते. माळा मात्र चकाचक होता.

मंगळवारी सकाळी मी ती यादी फाडली. ह्यांना डबा दिला, मुलाला पाठवलं आणि सासूबाईंना म्हटलं, "आई, आज मी काही करणार नाही. सरळ झोपणार आहे." त्या म्हणाल्या, "झोप की." खरंच झोपले. दिवसाउजेडी, पंखा लावून, दार लोटून! केवढं सुख असतं त्यात म्हणून सांगू! अकराच्या सुमाराला जाग आली ती पोळपाटाच्या आवाजानं. एका लयीत लाटणं चाललं होतं. क्षणभर माहेरी असल्यासारखंच वाटलं. मग लक्षात आलं आणि ताडकन उठले.

सासूबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. वय शहात्तर. गुडघे इतके दुखतात की देवासमोरही खुर्ची घेऊन बसतात. एक हात ओट्यावर टेकवून त्या पोळ्या करत होत्या. एरवी सकाळचा सगळा स्वयंपाक मी कचेरीत जायच्या आधी उरकते. त्या दिवशी डब्यापुरत्या पोळ्या करून मी झोपले होते आणि दुपारच्या, रात्रीच्या तशाच राहिल्या होत्या.

"आई, अहो, तुम्ही कशाला? मी उठले असते की!"

"तू रजेवर आहेस ना? मग कुणीतरी करायला हवंच की." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं! पोळी उलटून त्यांनी विचारलं, "तू हपिसात नसलीस की तुझी कामं कोण करतं गं?"

"काही तशीच पडून राहतात. काही शेजारच्या टेबलावर जातात."

"झालं तर मग," त्या म्हणाल्या, "मी शेजारचं टेबल."

दोघीही हसलो. पण ते वाक्य माझ्या काळजात रुतलं. मी रजा घेतली होती ती कचेरीतून. घरातलं काम एका पोळीनंही कमी झालं नव्हतं. माझ्या अंगावरून उतरून ते एका शहात्तर वर्षांच्या बाईच्या गुडघ्यांवर जाऊन बसलं होतं. मी झोपले, ती त्या गुडघ्यांच्या जिवावर.

त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि लाटता लाटता विचारलं, "आई, तुम्हाला कधी रजा मिळाली हो?"

त्यांनी बराच विचार केला. म्हणाल्या, "महिन्याचे चार दिवस बाहेर बसायचो, तेवढीच. ते काही बरं नव्हतं बाई. कोपऱ्यात वेगळं ताट, अंथरूण वेगळं, जीव नकोसा व्हायचा. पण चूल नसायची, एवढं खरं. मग मोठ्या सासूबाई गेल्या, ते सोवळं-ओवळं गेलं, त्याबरोबर ते चार दिवसही गेले." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि डोळ्याचं ऑपरेशन झालं ना मोतीबिंदूचं, तेव्हा. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस शेगडीपुढे उभं राहायचं नाही. मला इतका आनंद झाला! दुसऱ्या डोळ्याची तारीख कधी येते म्हणून मी दिवस मोजत होते."

मी पाठमोरी होते म्हणून बरं. तव्यावरची पोळी करपली.

दुपारी पडल्या पडल्या शाळा-कॉलेजात वाचलेलं आठवत राहिले. आपल्याकडे रविवारची सुट्टी काही आपोआप आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, अर्ज केले, सभा भरवल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागली. १९३६ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं पगारी रजेचा करार केला : वर्षभर काम केलेल्याला निदान सहा दिवस. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्यानं कामाच्या वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. गिरणीला भोंगा होता, मालक होता, म्हणून त्याच्याकडे सुट्टी मागता आली. स्वयंपाकघराचा मालक कोण? अर्ज द्यायचा कुणाकडे?

आणि काम काय थोडंथोडकं आहे? सरकारनं २०२४ साली देशभर पाहणी केली, कोण कशात किती वेळ घालवतो याची. घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, म्हणजे पावणेपाच तासांहून जास्तच. आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ८८ मिनिटं. २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, तशी पुरुषांचीही नऊ वाचली! आपली ती दहा मिनिटं त्यांनी उचलली नाहीत एवढं नक्की. मिक्सरनं उचलली असली तर असोत बापडी.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी विषय काढला. भांडले नाही. भांडण करायचं म्हणजे तेही कामच! एवढंच म्हटलं, "शुक्रवारपर्यंत मी आणि आई दोघी रजेवर आहोत. घरातली कोणती कामं चार दिवस नाही केली तरी चालतील, ती आधी काढून टाकू. उरतील ती वाटून घेऊ."

पहिलं अर्ध फारच सोपं निघालं. चार दिवस फरशी रोज पुसली नाही तर काय होतं? काही नाही. दोन भाज्यांऐवजी एक केली तर? रात्री पोळ्या नसल्या तर? इस्त्री नसली तर? ह्यांनी उत्साहानं इस्त्रीला हात वर केला, कारण कारखान्यात गणवेश आहे आणि तो लाँड्रीत जातो! निम्मी कामं अशीच गळून पडली. इतकी वर्षं आपण ती कुणासाठी करत होतो, असा प्रश्न पडला.

उरलेल्यात सकाळचा चहा, पाणी भरणं आणि रात्रीची खिचडी ह्यांच्याकडे गेली. भाजी आणणं, ताटं मांडणं, गच्चीवरचे कपडे मुलाकडे. पोळ्या चार दिवस कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. तिथेही बाईच लाटते, ठाऊक आहे मला. पण तिथे ती मोजून लाटते आणि प्रत्येक पोळीचे पैसे घेते.

भांडीवाल्या मावशींनाही दोन दिवस पगारी सुट्टी दिली. मी घरी राहिल्यापासून भांडी दीडपट पडत होती, हे त्यांनी हसत हसत पण सांगितलंच होतं. महाराष्ट्रात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीच झाला. पण आपल्या मावशींना रजा द्यायची की नाही, हे अजून आपल्याच मनावर असतं. त्या दोन दिवसांत जेवून उठेल त्यानं आपलं ताट घासायचं ठरलं. आणि गंमत बघा, एरवी तीन वाट्या लागणाऱ्या चिरंजीवांना एका वाटीत जेवता येतं असं दिसून आलं!

आता हे सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं असं समजू नका. बुधवारची खिचडी ह्यांनी शिट्टी न लावताच कुकरवर चढवली. पाऊण तास सगळे शिट्टीची वाट पाहत बसलो. मी तीनदा उठायला गेले आणि तीनदा पदर धरून स्वतःला खाली बसवलं. मदतीला न जाणं हे रजेतलं सगळ्यात अवघड काम आहे, हे लक्षात ठेवा. एकदा गेलात की रजा संपली.

त्याहून अवघड सासूबाईंचं झालं. बुधवारी दुपारी त्या गप्प गप्प. खोदून विचारलं तर म्हणाल्या, "म्हणजे आता माझा काही उपयोग नाही म्हणा." मला चटकाच बसला. आयुष्यभर ज्या ओट्यानं छळलं, त्याच ओट्यानं त्यांना घरात मानही दिला होता. तो काढून घेऊन "बसा आता" म्हटलं तर ती विश्रांती होत नाही, अडगळ होते. मग आम्ही एक तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. सासूबाई बसून सांगणार, मुलगा आणि हे करणार. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, आणि "अरे, फोडणीत हिंग कोण घालणार, तुझा आजोबा?" गुरुवारची खिचडी सुरेख झाली. सासूबाईंचा चेहराही.

मग खरी रजा सुरू झाली. सकाळी चार भिंतींपर्यंत चालून यायचं. उन्हात दोघींनी गॅलरीत बसून सोलाणे सोलायचे, निम्मे वाटीत, निम्मे तोंडात. दुपारी झोपायचं. त्यांनी माझ्या डोक्याला तेल लावलं, मी त्यांच्या गुडघ्यांना. बोलणं विशेष नाहीच. वीस वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी एका वेळी नुसत्या बसलो आहोत असं कधी झालंच नव्हतं. एक बसली की दुसरी उभी!

शुक्रवारी त्या म्हणाल्या, "वाईला जाऊन येऊ या का गं?" तिथे त्यांची शाळेतली मैत्रीण असते. वाई काही लांब नाही, एस.टी.नं तासाभराची वाट, आणि दोघींची अकरा वर्षांत गाठ नाही! गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.त तिकीट नाही आणि बायकांना २०२३ पासून अर्धं, तेव्हा अर्ध्या तिकिटात आम्ही दोघी वाईला! मैत्रिणीच्या ओसरीवर मला पेरू खायला बसवून त्या दोघी आतल्या खोलीत गेल्या. दीड तास नुसतं हसणं ऐकू येत होतं. सासूबाई इतक्या मोठ्यानं हसतात, हे मला माहीतच नव्हतं.

तर मैत्रिणींनो, तुम्हीही अशी रजा जरूर काढा. त्यासाठी माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

एक : आठवडा नीट निवडा. सणाचा नको, परीक्षांचा नको, लग्नसराईचा नको. संक्रांत झाल्यावर आणि वाळवणं सुरू व्हायच्या आधी घर जरा शांत असतं.

दोन : अडलेली कामं असतील तर त्यांना पहिला एकच दिवस द्या. यादीतलं संध्याकाळपर्यंत होईल ते झालं, उरलेलं पुन्हा माळ्यावर.

तीन : खाणं साधं ठेवा. मेतकूट-भात, खिचडी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि थालीपीठ एवढ्यावर आठवडा निभतो. भाजणी आधीच करून ठेवा. मी चार वाट्या ज्वारी, दोन वाट्या बाजरी, दोन वाट्या तांदूळ, एकेक वाटी हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, अर्धी वाटी धने आणि दोन चमचे जिरे घेते. सगळं वेगवेगळं खमंग भाजून, गार करून गिरणीतून दळून आणायचं. थालीपीठ घरातल्या कुणालाही थापता येतं. वाकडं झालं तरी चव तीच!

चार, आणि हेच खरं महत्त्वाचं : आपण हात काढून घेतला की ते काम कुणाकडे जातं ते बघा. सासूकडे, जावेकडे, वयात आलेल्या लेकीकडे किंवा मावशींकडे जात असेल, तर ती विश्रांती नव्हे, ते नुसतं टेबल बदलणं झालं. आधी काम कमी करा, मग ज्यांनी आजवर केलं नाही त्यांच्यात वाटा. लेक आणि लेक दोन्ही असतील, तर लेकाला आधी हाक मारा.

सोमवारी रुजू व्हायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन आले. एकशे अडतीसवर अठ्ठ्याऐंशी. ते म्हणाले, "ठीक आहे, चालणं सोडू नका." घरात सगळंच बदललं असं नाही. फरशी पुन्हा रोज पुसली जाते, दोन भाज्या पुन्हा आल्या. पण सकाळचा चहा ह्यांच्याकडेच राहिला आणि गुरुवारची रात्र कायमची खिचडीची झाली. सासूबाई खुर्चीवर, बापलेक शेगडीपाशी.

परवा मी कचेरीत निघाले तेव्हा सासूबाई दारापर्यंत आल्या. मला वाटलं, येताना काही आणायला सांगणार. त्या हळूच म्हणाल्या, "पुढची रजा कधी गं आपली?"

मी जुलैतला एक आठवडा सांगून टाकला आहे. अर्जही लिहून ठेवला आहे.

तुमच्या घरी रजा कशी निघते, कुणाकुणाला मिळते, ते मला अवश्य कळवा. पुढच्या वेळी बोलू उन्हाळ्याच्या वाळवणांबद्दल, आणि ती एकटीनं न करण्याबद्दलही!